भावजींचे तळपाय

अर्धी फरशी पुसून झाली होती. देवघरापासून जेवणाच्या टेबलापर्यंत ओली, पुढची कोरडी. बादलीतलं पाणी बदलायला मोरीत गेले नि परत आले, तेवढ्यात मुकुंदभावजी देवाला फूल वाहून ओल्या फरशीवरूनच आपल्या खुर्चीकडे गेलेले. रोज जातात. रोज मी मनातल्या मनात चरफडते आणि त्यांच्या पावलांवरून पुन्हा फडकं फिरवते. आज फडकं टेकवलं आणि हात थांबला. डाव्या पावलाचे ठसे गुलाबी होते.

आधी वाटलं, कुंकू सांडलं. बोटाने पुसून नाकाशी नेलं. कुंकू नव्हतं.

"भावजी, पायाला काही लागलं का?"

"नाही. का?" पेपर तसाच तोंडासमोर.

"तळपाय दाखवा बरं."

"काहीतरीच काय त्रिवेणी. पूस तू फरशी."

आमच्याकडे मोठ्या दिराचे पाय धरायचे ते नमस्कारापुरते. लग्न होऊन चिक्कडपल्लीच्या या घरात आले तेव्हापासून दर सणाला, दर वाढदिवसाला या पायांवर मी डोकं ठेवलंय. पण पाय म्हणून ते कधी बघितले नव्हते. आज फडकं बादलीत टाकलं, खाली बसले आणि न विचारता त्यांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला.

टाचेच्या पुढे केवढा तरी फोड येऊन फुटला होता. कातडं सुटून बाजूला लोंबत होतं आणि आत नुसतं लाल. उजव्या पायालाही फोड होते, अजून न फुटलेले, पाण्याने टच्च भरलेले.

"दुखत नाही?"

भावजी पायाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. वर्गात चोरून खाताना धरलेलं मूल बघतं तसे.

"नाही," ते म्हणाले.

मंडळाबरोबर आम्ही टेकडीवर गेलो होतो ते शनिवारी. आज सोमवार. म्हणजे शनिवारपासून हा माणूस या पायांनी घरभर हिंडतो आहे, जिना चढतो आहे, काल तर भाजी घेऊन आला.

आमचे मुकुंदभावजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. मूळ घर उदगीरकडचं, शेतीचं. आजोबा निजामाच्या काळातच हैदराबादेत आले. ह्यांनी बेगम बाजारात मसाल्याचं दुकान धरलं आणि भावजींनी विजेच्या खात्यात नोकरी. सगळी नोकरी खांबांखाली, उन्हात. वहिनी गेल्यावर ते वरच्या खोलीत एकटे राहतात, जेवायला खाली येतात. बोलणं कमी, पण उन्हाचा विषय निघाला की खुलतात. वैशाखात लोक पंखे, कूलर, पडदे बघतात, तेव्हा भावजी म्हणणार, "उन्हाला एवढं भ्यायचं तर ह्या गावात राहायचं कशाला? थंडीत तर कुणीही चालतं. उन्हाळ्यात जो चालला तो खरा चालला."

निवृत्त झाल्यावर त्यांनी टेकडी मंडळ काढलं. शहराबाहेर रिंग रोडच्या पलीकडे नरसिंहाची एक टेकडी आहे. झाड नाही, झुडूप नाही, नुसता उघडा काळा-करडा खडक, हत्ती बसल्यासारखा. वर लहानसं देऊळ आणि दगडी मंडप. दर शनिवारी उजाडायच्या आत आमची मराठी मंडळी तिथे चढते. नाचणीच्या आंबिलीचा डबा, ताकाच्या बाटल्या, डोक्याला ओले पंचे, सगळं शिस्तीत. चढताना घोटघोट प्यायचं, वर गेल्यावर सावलीत बसायचं, ऊन चढायच्या आत खाली. ह्या बाबतीत भावजींनी कधी कुणाला हयगय करू दिली नाही, हेही लिहिलं पाहिजे.

फक्त एक नियम त्यांचा स्वतःचा. तेलुगू मंडळी चपला वर देवळापाशी काढतात. आमचं मंडळ पायथ्याशीच काढून ठेवतं. "अख्खी टेकडीच देवाची आहे," भावजींनी पहिल्याच वर्षी सांगितलं, आणि ते राहिलं. उतरायच्या आधी ते मंडपाबाहेर जायचे, उजवं पाऊल खडकावर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "चला." आणि सगळे उठायचे. दगड तापला की नाही ते भावजींच्या तळपायाला विचारायचं, हे ठरूनच गेलेलं. मंडळातले नामदेवराव त्यांना थर्मामीटर म्हणतात. "क्या मुकुंदराव, पैरां में फ्रिज लगाको आए क्या मियां?" म्हणून चिडवतात आणि वाकून त्याच पायांना हातही लावतात. बायका मला म्हणायच्या, "त्रिवेणीबाई, घरातच पुण्यवान माणूस आहे हो तुमच्या." मला ते आवडायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

परवाच्या शनिवारी पुजारी उशिरा आला. अभिषेक लांबला, आरती लांबली, प्रसाद हातात पडेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. मंडपाबाहेरचा खडक डोळ्यांना खुपत होता. रसिका म्हणून पुण्याची मुलगी आहे, नवराबायको दोघं इथे कंप्युटरच्या कंपनीत. नवरा येत नाही, ही एकटी येते, व्यायाम म्हणून. पहिल्या दिवशी बूट घालून चढायला लागली तेव्हा भावजींनी तिला सगळ्यांदेखत थांबवलं होतं, तेव्हापासून बिचारी अनवाणी चढते. तिने बाहेर बोट टेकवलं आणि मागे घेतलं.

"काका, दगड तापलाय. माझा ड्रायव्हर खाली आहे. त्याला फोन करते, तो सगळ्यांच्या चपला पिशवीत घालून वर आणेल. तोवर सावलीत बसू ना."

मी मनात म्हटलं, बरं सुचलं पोरीला. पण भावजी उठले. बाहेर गेले, पाऊल ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, दोन्ही पावलं ठेवून उभे राहिले, हात जोडून, डोळे मिटून. उन्हात कपाळ चमकत होतं. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग वळून म्हणाले, "गार आहे. देवाचा दगड आहे तो. चला."

सत्तरीकडे झुकलेला माणूस उभा आहे म्हटल्यावर मागे कोण राहणार? सगळे निघाले. माझे तळवे असे चरचरले की मी नाम घेत, मोठ्या धोंड्यांच्या सावल्या शोधत, बकरीसारखी उड्या मारत उतरले. मला वाटलं, आपलीच चामडी नाजूक. मागे बघितलं तर सगळेच उड्या मारत होते आणि कुणी बोलत नव्हतं. भावजी सगळ्यांच्या पुढे, संथ, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. रसिका सगळ्यात मागे. मधल्या मोठ्या सपाट खडकावर सावलीच नाही. तिथे ती रडायला लागली. तरी चालली.

खाली आल्यावर तिला गाडीत बसवून पायांवर पाणी ओतलं. तळवे उकडलेल्या बटाट्यासारखे झाले होते. भावजी चौकशीला गेले तर तीच म्हणाली, "सॉरी काका. तुम्ही इतके शांत उतरलात. माझीच श्रद्धा कमी पडली बहुतेक."

भावजी म्हणाले, "होतं हळूहळू. सवय लागते."

मी शेजारीच होते. मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

हे सगळं आज पाय मांडीवर घेऊन बसले असताना माझ्या डोक्यात फिरत होतं, पण जुळत नव्हतं. ह्यांना दुकानात फोन केला नाही. भावजीच म्हणाले, "दिलीपला नको." पाय स्वच्छ फडक्यात गुंडाळले, रिक्षा बोलावली आणि चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. फरशी अर्धी तशीच राहिली. गर्दीत नंबर लागेपर्यंत दुपार टळली.

डॉक्टर तेलुगू आहेत, आमच्याशी हिंदीत बोलतात. जखम बघून त्यांनी काही विचारलं नाही, आधी भावजींचं तोंड बघितलं. मग खणातून एक बारीक नायलॉनचा दोरा काढला, पेनाला लावलेला. म्हणाले, "आंखें बंद करो सर. जब लगेगा, तब हां बोलो."

भावजींनी डोळे मिटले. मंडपाबाहेर मिटतात तसेच. डॉक्टरांनी उजव्या तळव्याला, जिथे फोड नव्हता तिथे, दोरा टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला. भावजी गप्प. दुसरीकडे टेकवला. गप्प. अंगठ्याला टेकवला. गप्प. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला, वहीत काही लिहायला लागले, आणि भावजी म्हणाले, "हां."

थोड्या वेळाने पुन्हा, "हां."

डॉक्टरांचा हात वहीवर होता. ते हळू म्हणाले, "सर, अभी तो मैं लगाया भी नहीं."

मला कुठे बघावं कळेना. भिंतीवर बालाजीचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत बसले. भावजींनी डोळे उघडले नाहीत. उघडायची त्यांची हिंमत झाली नसावी.

"शुगर से नसां सुन्न हो गए," डॉक्टर मला समजावत म्हणाले. "इनको गरम-ठंडा कुछ मालूम नहीं पड़ता. मैं दो साल पहलेच बोला था ना सर? बिना चप्पल के एक कदम नक्को बोला था. घर में भी नक्को."

दोन वर्षं. आम्हाला घरात कुणाला माहीत नव्हतं. शुगरच्या गोळ्या घेतात ते माहीत होतं. पायांचं नाही.

पट्ट्या बांधून घेतल्या, औषधं घेतली. परतताना पुन्हा रिक्षा केली. चौकात ताकवाला उभा होता, तो ओळखीने म्हणाला, "मज्जिग, अम्मा?" मी नको म्हणून मान हलवली. भावजी रिक्षाच्या बाहेर बघत होते. चालवणारा पोरगा म्हणाला, "अंकल, गरमी में पैरां जल गए क्या?" भावजी म्हणाले, "हां." हे 'हां' मात्र खरं होतं.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवले. पाणी दिलं. मग माझ्याने राहवेना.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग शनिवारी गार आहे म्हणालात ते कशाच्या जोरावर?"

"मला गरम लागत नव्हतं," ते म्हणाले. "खोटं नाही बोललो मी त्रिवेणी. मला लागत नव्हतं."

"भावजी."

एवढंच म्हटलं मी. मोठ्या दिराला याहून काय बोलणार? पण तेवढ्याने त्यांची मान खाली गेली. बराच वेळ ते पट्टीच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग आपणच बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"आधी मला खरंच वाटलं, देवाने दिलं म्हणून. एका उन्हाळ्यात दगड पोळेनासा झाला. मला वाटलं, इतकी वर्षं चढलो त्याचं हे. मग तो डॉक्टर असलं काही बोलला. मी म्हटलं, ह्याला काय कळतंय. पण कळलं होतं गं मला. आंघोळीचं पाणी पायाला कळेना, तेव्हाच कळलं होतं. पण तोवर लोक पाया पडायला लागले होते. त्यांना काय सांगू? पाय मेलेत म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "ती पोर म्हणाली, तिची श्रद्धा कमी पडली. तुम्ही म्हणालात, सवय लागते."

"आठवतंय मला."

"तिला कोण सांगणार?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नामदेवराव. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी खोलीभर ऐकू येतो. "क्या थर्मामीटर साब! ह्या शनिवारचं पक्कं ना? दोन नवीन कुटुंबं येतायत. आपल्या मंडळातल्या प्रशांतची आई पण येते म्हणतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण मुकुंदरावांच्या पाठीमागनं चढीन म्हणतात. तुमच्या भरवशावर आहे सगळं मियां."

आणि भावजी म्हणाले, "पक्कं."

सवयीने म्हणाले. तोंडातून गेलं. फोन ठेवल्यावर त्यांनी तो मांडीवर उलटा टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना वहिनी गेल्या तेव्हाही असं बसलेलं बघितलं नव्हतं. मला राग आला होता, खूप, पण तो त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. राहिली ती नुसती लाज. त्यांची आणि माझी, वेगळी काढता येईना.

दिवेलागण झाली होती. मी उठले, देवापुढे दिवा लावला, हात जोडले. मागायचं काय ते सुचेना. नरसिंहाला म्हणाले, तुझ्याच दगडावर तुझ्याच नावाने झालंय, आता तूच बघ. मागून भावजींचा आवाज आला.

"रसिकाला फोन लाव. मला नंबर दिसत नाही नीट."

लावला. त्यांनीच खुणेने सांगितलं, आवाज बाहेर ठेव. मी ऐकावं असं वाटलं असेल, किंवा एकट्याने धीर होत नसेल.

"काका! कसे आहात?" पोरगी खुशीत बोलली. "माझे पाय बरे आहेत आता. शनिवारी नाही जमणार, पण पुढच्या वेळी नक्की."

"ऐक," भावजी म्हणाले. "शनिवारी दगड तापलेला होता. तुझं बरोबर होतं. माझ्या पायांना काही कळत नाही. शुगरने बधिर झालेत. माझेही पोळलेत, आज त्रिवेणीने बघितले तेव्हा मला कळलं."

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही गार आहे म्हणालात तेव्हा तुम्हाला कळतच नव्हतं?"

"नाही."

"आणि कळत नाही हे माहीत होतं?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही त्यांच्याकडे. ते म्हणाले, "हो. माहीत होतं."

मग ती बोलली, आवाज बदललेला, पुणेरी, तोडून तोडून. "काका, मी आईला फोन करून सांगितलं, माझ्यात देवाधर्माचं काही नाहीच. आई म्हणाली, सोमवार धर. आज सकाळपासून मी उपाशी आहे."

"जेवून घे पोरी," भावजी म्हणाले.

"हो. ठेवते."

ठेवला तिने. माफ केलं म्हणाली नाही, चिडलीही नाही. का म्हणावं तिने?

मला वाटलं, आता ते खोलीत जायचं म्हणतील. पण त्यांनी फोन पुन्हा माझ्यापुढे धरला. "मंडळाच्या ग्रुपवर बोलायचं ते कुठून?" मी बटण दाबून धरलं. पहिल्यांदा ते नुसतं "नमस्कार मंडळी" म्हणाले आणि खोकला आला, ते पुसून टाकलं. दुसऱ्यांदा तब्येत बरी नाही, शनिवारी येणार नाही, एवढंच बोलले आणि थांबले. मी बटण सोडलं नाही. बोलले नाही, नुसतं दाबून धरलं. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि पुढचं बोलले. की माझे पाय बधिर आहेत, दोन वर्षं मला माहीत आहे, माझ्या पायांवरून दगड ओळखू नका. चपला बरोबर वर न्या, देवळाबाहेर काढा. शनिवारी पोळलं त्यात कुणाच्या श्रद्धेचा काही दोष नव्हता. दोष माझा होता.

पाठवलं. खोलीत एकदम फार गरम वाटायला लागलं. नामदेवरावांचा निरोप सगळ्यात आधी आला, आवाजातच: "थर्मामीटर खराब निकला मियां, हौले, वेडे कुठले, सांगायचं नाही का आधी?" आणि मग, खालच्या आवाजात, "उद्या येतो बघायला." बाकी कुणी काही लिहिलं नाही. कुणीकुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, ती सुप्रभातलाही टाकतात. रसिकाने वाचलं असं दिसत होतं. तिने एकच ओळ लिहिली: शनिवारी येणाऱ्यांनी चपलांसाठी पिशवी आणावी. भावजींनी ती ओळ चष्मा लावून वाचली, फोन मला परत दिला, आणि देवघराकडे तोंड करून बसले. नमस्कार मात्र केला नाही. हात मांडीवर होते.

हे रात्री जेवायला आले तेव्हा भावजींनीच त्यांना सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. हे ताटावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "दादा, अहो घरात तरी सांगायचं." भावजी म्हणाले, "वरण वाढ गं त्रिवेणी." मी वाढलं.

जेवणं झाल्यावर सकाळची राहिलेली अर्धी फरशी पुसली. पुसलेल्या अर्ध्यातले ठसे वाळून तपकिरी झाले होते, ते घासूनच काढावे लागले. मग जुन्या वर्तमानपत्राचं पान घेऊन भावजींच्या पुढे बसले. पट्टीसकट पाय कागदावर ठेवायला सांगितला आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढली. ते गुपचूप पाय धरून राहिले. पेन्सिल तळव्याच्या कडेला लागत होती, त्यांना कळलं असेल नसेल. मी विचारलं नाही.

उद्या सकाळी पूजा झाली की जामबागेच्या बाजारात जाऊन भावजींसाठी मऊ तळाच्या, पुढून बंद चपला आणायच्या आहेत. घरात घालायच्या वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या.